राखणदाराचं गाणं : नील यंग, लेव्हॉन हेल्म आणि आपलं खळं

खळ्यातला (धागा)

लावणी परवा आटपली. कालपासून पाऊस असा लागून राहिलाय की कुणग्याकडे (भाताच्या खाचराकडे) जायचं कारण नाही. म्हणून रूट्स रॉक आणि आपल्या गाण्यांबद्दल बरेच दिवस मनात घोळणारं आज लिहून टाकतो. लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील वाघोटन खाडीच्या अंगाला एका आंब्याच्या बागेचे राखणदार होते. बाग मुंबईच्या मालकांची. बागेतल्या मांगरातच, म्हणजे राखणीच्या खोपटात, मी लहानाचा मोठा झालो. मालकांकडची माणसं मे महिन्यात यायची, पेट्या भरून झाल्या की जायची. मी सातवीत असताना त्यांच्यापैकी कुणीतरी जुना टेपरेकॉर्डर आणि चार कॅसेट आमच्याकडे ठेवून गेलं. तीन हिंदी सिनेमांच्या. चौथी रॉक गायक नील यंगची 'हार्वेस्ट', हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. हार्वेस्ट म्हणजे कापणी, सुगी, हेही तेव्हाच.

त्यातल्या एका गाण्यात बँजो आहे. मला बेंजो माहीत होता तो गणपतीच्या मिरवणुकीतला. हा वेगळाच. कोरडा, पत्र्यावर पडणाऱ्या पहिल्या थेंबांसारखा. मागून एका बाईचा आवाज येतो आणि त्याच्याही मागे एक लांबत जाणारी तार, जशी संध्याकाळी खाडीपलीकडून हाक येते तशी. शब्द एकही कळत नव्हता. तरी वडील बाहेर कलमांना आळी करत असायचे आणि मी ते गाणं पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायचो. फीत शेवटी ताणून बेसूर झाली.

पुढे कळलं ते असं. गाण्याचं नाव 'ओल्ड मॅन'. तो बँजो-गिटार जेम्स टेलरने वाजवलेला, बाईचा आवाज लिंडा रॉनस्टॅटचा, लांबणारी स्टील गिटार बेन कीथची. आणि गाणं ज्याच्यावर आहे तो म्हातारा म्हणजे लुईस अविला, एका रँचचा राखणदार! १९७० साली नील यंगने सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडच्या डोंगरात जमीन घेतली. वय वर्षं २४. जमिनीबरोबर तिथे आधीपासून राहणारा लुईस आणि त्याची बायको अशी दोन माणसंही आली. लुईसने नव्या मालकाला जीपमधून जागा दाखवली आणि विचारलं, एवढ्या लहान वयात हे सगळं तुझं कसं झालं? नशीब, असं उत्तर मिळालं. त्या ओळखीतून हे गाणं आलं. तरुण मालक म्हाताऱ्या राखणदाराकडे बघतो आणि त्याच्या आयुष्यात स्वतःचं आयुष्य शोधतो.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या वडिलांनी ज्या बागेची तीस वर्षं राखण केली, तिथल्या कुणी त्यांच्याकडे असं बघितलं असेल का? त्यांना नावाने हाक मारणारेही थोडेच. आणि नील यंगच्या गाण्याबद्दल कितीही प्रेम असलं तरी एक गोष्ट मला सोडत नाही. ते गाणं मालकाचं आहे. चांगल्या, खऱ्या मनाच्या मालकाचं. लुईस अविलाने रचलेलं गाणं कुठे आहे?

म्हणून मला लेव्हॉन हेल्मही तितकाच जवळचा. 'द बँड'चा ड्रमर आणि गायक. अर्कान्सासमधल्या टर्की स्क्रॅचजवळ कापूस पिकवणाऱ्या घरातला मुलगा. बँडमधले बाकी चौघे कॅनडाचे, हा एकटा तिथल्या मातीतला. उतारवयात घशाच्या कॅन्सरने आवाज गेला, मग हळूहळू परत आला, पूर्वीसारखा नाही, खरवडलेला. त्या आवाजात त्याने २००७ साली 'डर्ट फार्मर' काढला. त्यातली काही गाणी आई-वडिलांकडून ऐकलेली. ऐकताना वाटतं, जमीन कसणारा माणूस थकून ओट्यावर बसलाय आणि तोच गातोय.

मी सहा वर्षांपूर्वी गावी परत आलो. दोन कुणगे स्वतःचे, बाकी बागेचं काम. गिटारवर मालवणीत गाणी रचतो, आतापर्यंत बारा झाली. रचताना सारखं जाणवतं की कोकणावरची बहुतेक गाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांची आहेत. माड, लाटा, लाल माती, दारात उभी आजी. पायाच्या बोटांतल्या चिखल्या कुठे आहेत? रात्री डबा बडवत रानडुकरं हाकणं, ऐन मोहोरात आलेलं मळभ, शेजारच्या पडीक कुणग्यात वाढलेलं रान, हे कुठे आहे? राहणाऱ्याचं गाणं कुठे आहे? तुमच्या ऐकण्यात असेल तर सांगा. नसेल तर का नाही, तेही सांगा.


चिपळूणचा_नवखा

दादा, दोनदा वाचलं. मी इंजिनिअरिंगला आहे, गिटार शिकतोय. 'ओल्ड मॅन' आत्ता ऐकलं, बँजो आला तिथे थेंब ऐकू आले.

एक विचारू का? रूट्स रॉक म्हणजे नक्की काय? कंट्री वेगळं, फोक वेगळं, मग हे कुठे बसतं?

आणि पडीक रानाचं लिहिलंत तसं मला पुराचं वाटतं. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं. माझी पहिली गिटार त्यात गेली. पाणी ओसरल्यावर खोक्यातून काढली तर फळी सुटून हातात आली, आत गाळ भरलेला. त्या दिवसावर चार ओळी लिहिल्या होत्या, पुढे सरकलोच नाही. वासावर लिहायचं होतं. गाळ, डिझेल आणि किराणा दुकानातला कुजलेला गूळ, सगळं एकत्र. तसं गाण्यात लिहितात का?


ढोलकी_दापोली

@चिपळूणचा_नवखा, तसंच लिहितात. तो गूळ सोडू नकोस.

तुझ्या प्रश्नाबद्दल. साठच्या दशकाच्या शेवटी रॉक फार चमकदार, गुंगवणारं झालं होतं. तेव्हा काही जण उलट वळले. आजोबांच्या घरातलं संगीत, म्हणजे ब्लूज, कंट्री, चर्चमधली गाणी, डोंगरातली व्हायोलिनची गाणी, हे सगळं इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमबरोबर वाजवायला लागले. 'द बँड'चा पहिला अल्बम १९६८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुलाबी घराच्या तळघरात त्याची तयारी झालेली. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा दुसरा बँडही त्याच सुमाराचा. वाद्यं साधी, ठेका सरळ, गोष्ट स्पष्ट. यालाच पुढे रूट्स रॉक म्हणायला लागले.

आता माझ्या मनातलं. रूट्स त्यांचे ते झाले. आपले कुठले? माझ्या घरात तीन पिढ्या जाखडी, म्हणजे बाल्या नाच, आहे. मधे शाहीर, ढोलकी, झांज, भोवती पायात चाळ बांधलेल्यांचं रिंगण. गण, मग गौळण, मग दोन पक्षांचे सवाल-जवाब. शक्तीवाले म्हणणार प्रकृती मोठी, तुरेवाले म्हणणार पुरुष मोठा, आणि पहाट होईपर्यंत कोणी मागे हटणार नाही. ठेका सुरुवातीला एवढा सावकाश की नवख्याला वाटावं विसरले की काय, आणि शेवटी पाय दिसेनासे होतात. खळ्यातल्या, तुम्ही बारा गाणी रचलीत, त्यांना ठेका कुठला आहे? अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा की खळ्यातला? दोष काढत नाही. मनापासून विचारतो, कारण माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. शब्द मालवणी आणि ठेका परका असेल तर शब्द उपरे वाटतात, मग कितीही खरे असोत.


गावकीची_खोली

धागा आवडला आणि एका जागी दुखलाही, म्हणून लिहितोय.

"येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाणी" असं तुम्ही लिहिलंत. माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतून सोळाव्या वर्षी परळला गिरणीत आले. गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत चाळीस माणसं पाळ्यांनी झोपायची. एक पाळीवर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा. ज्या जाखडीबद्दल वर लिहिलंय तिची कितीतरी गाणी त्या खोल्यांमध्ये, गिरणीतून आल्यावर, ट्रंकेवर ठेका धरून रचलेली आहेत. गणपतीला गावी जाऊन ती गायची म्हणून वर्षभर तयारी. बाल्या हे नावच मुंबईत मिळालेलं, कानात बाळी घालणाऱ्या कोकणातल्या गड्याला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा वडील पंचेचाळिशीत होते. गिरणी पुन्हा कधी त्यांना दिसली नाही. त्या वर्षीही ते गणपतीला गेले आणि गायले. मनिऑर्डर बंद झाली होती, गाणं बंद झालं नाही.

मग हे मूळ नव्हे का? जो दूर आहे त्याला गाव जास्त नीट आठवावं लागतं, राहणाऱ्याला ते आपोआप दिसत असतं. क्रीडन्सच्या जॉन फॉगर्टीचंच घ्या. लुइझियानाच्या दलदलीची गाणी त्याने लिहिली तेव्हा तो तिथे राहिलेला नव्हता, कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोचा मुलगा तो. पण त्याचं 'ग्रीन रिव्हर' ऐका. ती नदी म्हणजे पुटा क्रीक, लहानपणी सुट्टीत घरचे त्याला घेऊन जायचे तो ओढा. दोरीला लटकून पाण्यात उडी, बेडकं, काठावरच्या खोपट्या. सुट्टीत जाणाऱ्या मुलाचं गाणं आहे ते, आणि मला ते खोटं वाटत नाही. मी स्वतः तसाच मुलगा होतो. १५ मे ते १० जून एवढाच माझा गाव. तो माझा नाही असं कृपया म्हणू नका.


सड्यावरची

राजापूर तालुक्यात शाळेत जीवशास्त्र शिकवते. गाण्यातलं फारसं कळत नाही, पण गाण्यातल्या झाडांबद्दल बोलायचा हक्क घेते.

कोकणावरच्या गाण्यांत निसर्ग म्हणजे माड आणि समुद्र. आमच्याकडे समुद्र दिसतच नाही, कातळ दिसतो. मे महिन्यात येणारा माणूस त्याला ओसाड म्हणतो, कारण तेव्हा तिथे खरंच काळा जांभा आणि वाळलेलं गवत यापलीकडे काही नसतं. ऑगस्टच्या शेवटी या. सीतेची आसवं सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, एवढी फुलतात की दुरून जमिनीवर निळसर धुकं उतरल्यासारखं वाटतं. पाण्याच्या डबक्यांच्या कडेला गेंदाची पांढरी बटणं. आणि जवळ बसलात तर दवबिंदू, चिकट केसांवर किडे धरून खाणारी, बोटाच्या पेराएवढी वनस्पती. सीतेची आसवंही किडे खातात, मुळांसारख्या धाग्यांवरच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव ओढून घेऊन. कातळावर माती नावाला, पोषण नाही, म्हणून या झाडांनी ही वाट काढली. दोन महिन्यांत फुलायचं, बी धरायचं, मग पुन्हा आठ-नऊ महिने दगड.

@गावकीची_खोली, तुमच्या वडिलांबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या गाण्यांना कुणी उपरं म्हणू शकत नाही. पण मेमध्ये येणाऱ्याला सडा दिसत नाही, हेही तितकंच खरं. हा त्याचा दोष नाही, सुट्टीच्या वेळेचा आहे. खळ्यातला म्हणतात ते मला असं समजतं : राहणाऱ्याला ऑगस्ट दिसतो.

आणखी एक. आतापर्यंत बहुतेक बाप्यांचीच नावं आली. 'ओल्ड मॅन'मधला तो बाईचा आवाज मला शोधावासा वाटला. लिंडा रॉनस्टॅट ॲरिझोनातल्या टूसॉनची. रॉकमध्ये एवढं नाव झाल्यावर १९८७ साली तिने 'कॅन्सिओनेस दे मि पाद्रे' काढला, म्हणजे माझ्या वडिलांची गाणी. सगळी स्पॅनिशमध्ये, घरात ऐकलेली मेक्सिकन गाणी. आणि तो अमेरिकेत तुफान खपला. मुळाकडे जाणं म्हणजे मला हे वाटतं. माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची, लावणीच्या वेळी शेतात भलरी व्हायची. वाकलेल्या कमरांची लय होती ती. एक ओळ म्हणायला जेवढा वेळ, तेवढ्यात रोपांचे चार आवे (झुबके) चिखलात. आता लावणीला माणसंच मिळत नाहीत, जी येतात ती मोबाईलवर गाणी लावतात. राहणाऱ्याचं गाणं नव्हतं असं नाही हो. ते बायकांकडे होतं, कुणी विचारलं नाही.


रापणकार

वाचलंय सगळा. माका इंग्रजी गाणी कळणत नाय, पण राखणदाराची गोष्ट कळली.

आमची रापण आसा, किनाऱ्यावरसून वडूचा मोठा जाळा. पयली दोरयेक पन्नास माणसा असायची, आता वीस गावली तरी खूप झाली. रापण वडताना जा काय तोंडान म्हणतत तेका कोण गाणा म्हणणत नाय. पण ता गाणाच आसा. एकान हाक घालूची, बाकीच्यांनी साद देवन पाय मागे घेवचो. सुरवातीक सावकाश, जाळा जड असता. दोन्ही टोका जवळ इली की हाक भराभर. ढोलकीवाले वर म्हणतत ना, सावकाशीन सुरू जाता आणि मगे पाय दिसणत नाय, अगदी तसाच. तुमची जाखडी आमच्या दोरयेकडसून शिकली की काय कोण जाणा.

आता भायर एलईडीचो उजेड पाडून मासळी काढतत. त्येका बंदी आसा, तरी रात्री दर्यात उजेड दिसता. किनाऱ्यार काय येतला? गेल्या वर्साक तीन वेळा रिकामी रापण वडली. रिकामी रापण जड लागता, भरलेल्यापेक्षा जड. गाणा लिवतलस तर ता लिव, झिला.


चिपळूणचा_नवखा

"रिकामी रापण जड लागता." काका, ही ओळ डोक्यातून जात नाहीये.


खळ्यातला

काल रात्री वीज नव्हती, सकाळी सगळं एकदम वाचलं.

आधी @गावकीची_खोली. दादा, मी चुकलो. तुमच्या वडिलांसारख्यांना मी येणाऱ्या-जाणाऱ्यांत धरलं नव्हतं, पण शब्द तसाच पडला आणि तुम्हाला लागला. माफ करा. गाव सोडावा लागणं हे गावच्याच आयुष्याचं एक अंग आहे. कोकणातल्या किती घरांचा संसार मनिऑर्डरवर चालला. माझे काका गोदीत होते. मला म्हणायचं होतं ते त्या गाण्यांबद्दल, ज्यांना कोकण फक्त सुंदर दिसतो.

@ढोलकी_दापोली, तुमच्या प्रश्नाने मला दोन दिवस खाल्लं. प्रामाणिक उत्तर : बारापैकी दहा गाण्यांचा ठेका नॅशव्हिलचा आहे. 'हार्वेस्ट'ची बरीच गाणी तिथेच ध्वनिमुद्रित झालेली, केनी बटरीचे ड्रम, इतके साधे की एक ठोका जास्तीचा नाही. तो ठेका माझ्या हातात लहानपणापासून बसलाय, कारण आमच्या मांगरात तेच वाजायचं. तो मी आता परका मानत नाही. पण तुमचं वाचल्यावर एक गाणं दशावताराच्या ठेक्यात बसवून पाहिलं. आमच्याकडे जाखडीपेक्षा दशावतार जास्त. पखवाजावर राजा प्रवेश करतो तेव्हाची जी चाल असते, ती गिटारच्या खालच्या दोन तारांवर अंगठ्याने धरली. गाणं राखणदारावर आहे. इतके दिवस ते रडकं व्हायचं, वडिलांची कीव केल्यासारखं. राजाच्या चालीत बसवलं आणि वडील ताठ उभे राहिले. काल पहिल्यांदा ते गाणं मला त्यांच्या लायकीचं वाटलं.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे राखणदार हा फक्त पगारी माणूस नाही. वाडीच्या सीमेवर, वडाखाली नाहीतर पाणंदीच्या तोंडाशी एक अदृश्य राखणदार असतो, त्याला वर्षाची राखण, म्हणजे त्याचा मान, द्यावी लागते. रात्री काठी आपटत, घोंगडं पांघरून तो फिरतो असं मानतात. लहानपणी मला दोन्ही राखणदार एकच वाटायचे. वडीलही रात्री काठी आणि घोंगडं घेऊनच फिरायचे, वानरं पहाटे यायची म्हणून.

आता आसपासच्या बहुतेक बागांत राखणीला नेपाळहून आलेली माणसं आहेत. कुटुंबं घेऊन येतात, आंबा संपला की काही परत जातात, काही राहतात. आमच्या शेजारच्या बागेतला गडी संध्याकाळी मांगराच्या पायरीवर बसून त्याच्या मुलखातली गाणी म्हणतो. एकदा मी गिटार घेऊन गेलो. तीन सूर सापडले की त्याच्या गाण्याबरोबर जाता येतं. त्याच्या गाण्यात काय आहे विचारलं तर म्हणाला, डोंगरातली बाई घास कापायला गेली आहे, आणि नवरा परदेशात राखण करतोय. आता सांगा, मूळ कुणाचं आणि कुठलं?

@सड्यावरची, ऑगस्टचं तुम्ही लिहिलंत ते मी कधी बघितलंच नाही, आणि मी इथलाच! खाडीच्या अंगाला राहतो, सड्यावर गुरं घेऊन जायचो तेही पावसापूर्वी. या वर्षी जाणार. आणि आईला ओव्या विचारल्या. आधी म्हणाली आठवत नाहीत, मग तांदूळ निवडता निवडता अकरा म्हटल्या.


ढोलकी_दापोली

राजाच्या चालीत राखणदार! हे ऐकायचंय.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण पाऊस अजून दोन-अडीच महिने आहे. गिटार भिंतीला टांगून ठेवू नका, चिऱ्याची भिंत ओल धरते. खोक्यात ठेवा, बुटांच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका आणि ओल्या झाल्या की तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरा. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने खालून-वरून पुसा. खाऱ्या वाऱ्यात साध्या तारा पंधरा दिवसांत गंजतात, वरून लेप दिलेल्या घेतल्या तर जास्त टिकतात. लाकूड फुगून तारा पट्टीपासून उचलल्यासारख्या झाल्या तर घाईने मानेतला स्क्रू पिळायला जाऊ नका, दिवाळीपर्यंत थांबा, बरंचसं आपोआप बसतं. आमच्या ढोलकीचं उलट, ओलीने पुडी (चामडं) उतरते, भाद्रपदात प्रत्येक बारीच्या आधी ती शेकोटीवर धरून चढवावी लागते. त्या शेकण्याच्या वेळेत सगळे चहा पितात आणि खरी गाणी तेव्हाच ऐकायला मिळतात.


गावकीची_खोली

माफी कसली. तुमच्या लिहिण्यामुळे काल ट्रंक उघडली.

वडिलांची वही मिळाली. गिरणीच्या हजेरीच्या कागदांची शिवलेली, शाई फिकी झालेली. छत्तीस गाणी. बहुतेक शक्ती-तुऱ्याची, पुराणातले सवाल. पण मागच्या पानांवर चार गाणी वेगळी आहेत. एकात साच्याच्या (गिरणीतल्या मागाच्या) आवाजाचं वर्णन आहे, एकात खोलीत पाणी भरायला रांग. आणि एकात घरी बायको एकटीने लावणी करते आहे, तिच्याकडे चार माणसं कमी आहेत, हे त्यांना मुंबईत बसून दिसतंय. ओळी इथे देत नाही, आईला आधी वाचून दाखवतो. ती लावणी करणारी तीच. तिला हे गाणं आहे हे माहीतच नाही.

म्हणजे जाणारा राहणाऱ्याबद्दल लिहीत होता. तुम्ही जे शोधत होता त्याच्या अगदी जवळ.


सड्यावरची

दादा, वाचून दाखवल्यावर त्यांना विचारा, त्या वर्षी चार माणसं कमी असताना त्यांनी ती लावणी कशी पुरी केली. ते उत्तर म्हणजे दुसरं गाणं असेल.

मला एका गोष्टीची काळजीही आहे, ती बोलून टाकते. गाणी होतील, छान होतील, पण कुणगे पडीक राहतात आणि सड्याच्या जमिनी विकल्या जातात, ते गाण्याने थांबत नाहीत. अमेरिकेतले लहान शेतकरी कर्जापायी जमिनी गमावत होते तेव्हा नील यंग, विली नेल्सन आणि जॉन मेलनकँप यांनी नुसती गाणी केली नाहीत. २२ सप्टेंबर १९८५ ला इलिनॉयमधल्या शँपेन इथे फार्म एड भरवलं, शेतकऱ्यांसाठी पैसा उभा केला, आणि ते पुढेही वर्षानुवर्षं भरत राहिलं. आपल्याला तेवढं जमणार नाही. पण गाण्यासाठी खळ्यात वीस माणसं जमली तर त्यातल्या दोघांनी पुढच्या वर्षी एक पडीक कुणगा लावावा, एवढं तरी ठरवता येईल? मी एका कुणग्याच्या बियाण्याचा खर्च उचलते. भात वालय असेल तर वालय, पटणीही चालेल.


रापणकार

कुणगो लावतलास तर आमची चार पोरा येतली चिखल करूक. जुलयात दर्याक उधाण, हात मोकळे असतत.

आणि गाण्याचा सांगतंय. माका वाटता गाऱ्हाण्यासारख्या करा. देवळात गावकर एकेक म्हणता, आणि सगळी म्हणतत "व्हय म्हाराजा". ता कोणाक शिकवूक लागणा नाय, ल्हान पोराक पण येता. राखणदाराच्या गाण्यात तसा घातलास तर सगळी म्हणतली, आयकत बसूची नाय.


चिपळूणचा_नवखा

काका, हे तर चर्चच्या गाण्यांतल्या साद-प्रतिसादासारखंच झालं. एकाने गायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं. ढोलकीकाकांनी रूट्समध्ये ते सांगितलं होतं.

मी पुराचं गाणं पुढे नेलं. गूळ ठेवला. एक कडवं असं आहे की आई भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेवर हात ठेवते आणि काहीच बोलत नाही. चाल अजून नाही.


खळ्यातला

@रापणकार, काल तेच केलं. आई, बायको, शेजारचा नेपाळी गडी, त्याची दोन मुलं, एवढेच होतो. "व्हय म्हाराजा" त्याच्या मुलांनी सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

ध्वनिमुद्रणाबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय, इथेच सांगतो. 'हार्वेस्ट'ची काही गाणी नील यंगने त्याच्या रँचवरच्या गुरांच्या कोठारात वाजवली. त्याचा गायक मित्र ग्रॅहम नॅश याने सांगितलेली एक गोष्ट आहे. नील त्याला तळ्यात होडीतून घेऊन गेला आणि तिथून अल्बम ऐकवला. घरातून डाव्या बाजूचा आवाज, कोठारातून उजव्या बाजूचा, मधे पाणी. काठावरून कुणीतरी विचारलं, कसं वाटतंय? नील ओरडला, कोठाराचा आवाज वाढवा!

आमच्याकडे तळं नाही. मी दोन मोबाईल ठेवले, एक पडवीत, एक मांगरात, आणि खळ्यात उभं राहून गायलो. पाऊस होताच. पडवीवर कौलं आहेत, तिथे पाऊस मऊ लागतो. मांगरावर पत्रे, तिथे गिटार जवळजवळ बुडते. नंतर दोन्ही जोडून ऐकलं. आईला विचारलं कुठलं बरं, तर म्हणाली, मांगरातलं, तुझ्या बाबांनी तिथूनच ऐकलं असतं.

मग तेच ठेवलंय. पत्र्याचा आवाज काढून टाकणार नाही.

@सड्यावरची, कुणगा ठरला. आमच्या खालच्या अंगाचा, तीन वर्षं पडीक आहे, मालकीण पुण्याला असते. काल फोन केला, लावा म्हणाली. या वर्षीची वेळ गेली, तरवा (भाताची रोपं) शिल्लक नाही. पुढच्या मृगाआधी दाढ (रोपांची जागा) भाजू.

तोपर्यंत, गणपतीच्या सुट्टीत ज्यांना जमेल त्यांनी पाचव्या दिवशी संध्याकाळी खळ्यात या. कसं यायचं ते निरोपात कळवतो. @गावकीची_खोली, वही आणा, आणि आई येऊ शकत असतील तर त्यांना आणा. @ढोलकी_दापोली, शेकोटीची सोय आहे.


गावकीची_खोली

आईला काल वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, चार नाही, पाच माणसं कमी होती.

येतोय आम्ही दोघंही. तिकीट तुतारी एक्स्प्रेसचं मिळालंय, वैभववाडी रोडला उतरू. तिथून पुढे गाडी मिळेल ना?


रापणकार

मी येतंय घेवक. टेम्पो आसा. सुके बांगडे चलतले ना मावशेक?